उन्हात काळा पडणारा चष्मा

"काकू, काका दिवसभर काय करतात?" चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने मला विचारलं.

"बसतत," मी म्हटलं.

"तसं नाही हो. काम काय करतात? गाडी चालवतात? कॉम्प्युटरवर असतात? त्याप्रमाणे काचेवरचं कोटिंग ठरतं."

गाडी म्हणे! हसावं की रडावं तेच कळेना. आमचे हे गेल्या पावसाळ्यापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. नवऱ्याचं नाव लवू. आमच्यात बायका नाव घेत नाहीत, पण घेतलं म्हणून आता आणखी काय पाप लागायचं राहिलंय? डोक्यात रक्ताची गाठ झाली आणि एका सकाळी दोन्ही हात, दोन्ही पाय, जीभ, सगळं एकदम गेलं. राहिले ते डोळे. पण हे सगळं त्या पोरीला सांगायचं म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात, आणि परत एकदा ते "अरेरे" ऐकून घ्यायचं. माझ्यात तेवढा जीव नव्हता.

"गाडी चालवणत नाय," मी म्हटलं.

मालवणच्या बाजारपेठेतलं दुकान. बाहेर रिक्षांचा गोंगाट आणि आत एसी. ती गार हवा अंगाला लागली आणि माझे डोळे मिटायलाच लागले. रात्री ह्यांना कुशीवर वळवायला उठावं लागतं. सलग झोप कशी असते ते मी विसरले आहे. घरी शेजारच्या सत्यवतीला ह्यांच्याजवळ बसवून आले होते आणि तिला परत मासे घेऊन बाजारात बसायचं होतं, त्यामुळे एक डोळा घड्याळाकडे.

पोरीचं नाव प्राजक्ता. छातीवर पट्टी होती म्हणून कळलं. गोरीगोमटी, गोड बोलणारी, घाटावरची. तिने ह्यांचा जुना चष्मा हातात घेऊन उलटसुलट बघितला. खुर्चीच्याच चाकाखाली गेला होता तो. उजव्या काचेला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा, आणि मी वरून लावलेली चिकटपट्टी.

"नंबर मोठा आहे काकांचा."

"ल्हानपणापासून. चष्मो काढल्यानी तर समोर मी आसंय की म्हस, तां पण कळणा नाय."

ती हसली, आणि मग तिने समोर काचेचे तुकडे मांडले आणि सुरू केलं.

"हे हार्ड कोटिंग. ओरखडे पडत नाहीत."

"व्हय."

"हे अँटी-ग्लेअर. काच चकाकत नाही. समोरच्याला आपले डोळे स्वच्छ दिसतात."

"व्हय गो, ह्यां व्हया."

"हे पाणी न धरणारं. थेंब पडला तरी घसरून जातो, तेलकट बोट लागलं तर लगेच पुसता येतं. इथे खारी हवा ना!"

"व्हय, हवा तर खारीच."

"हे ब्लू कट. काका मोबाईल बघतात?"

"झिल पुण्यासून फोन करता तेवा बघतत."

"मग तेही बरं. आणि ही फोटोक्रोमॅटिक काच. उन्हात गेलं की आपोआप काळी होते, सावलीत आलं की परत पांढरी. काका उन्हात बसतात का?"

"व्हय, बसतत. सकाळी खळ्यात बसतत."

देवळात गाऱ्हाणं चालू असताना आपण कसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो, तसं माझं चाललं होतं. आमच्याकडे समोरचा बोलत असला की हुंकार द्यावाच लागतो, नाहीतर त्याला वाटतं बाई झोपली. आणि मी खरंच झोपत होते. पोरीने भराभर संगणकावर बटणं दाबली, एक कागद माझ्या हातात दिला, काच बाहेरून येते, आली की फोन करते म्हणाली. मी तो कागद पिशवीत कोंबला आणि घाईघाईने रिक्षा पकडली. तिथे नीट वाचायला हवा होता, पण नाही वाचला.

एवढं त्या चष्म्याचं काय, असं कुणी म्हणेल. तर सांगते.

ह्यांना समजतं सगळं. झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, "डोकं शाबूत आहे त्यांचं. हो-नाहीची काहीतरी खूण ठरवून घ्या." ठरवायची कसली? आमची खूण लग्नाआधीपासूनची.

हे बंदरावर लिलाव करायचे. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की माशांच्या पाट्या वाळूवर ओळीने मांडायच्या, भोवती आम्ही घेणाऱ्या बायका, आणि मध्ये हे, जाड चष्मा लावून बोली पुकारणार. आता तोंडाने भाव वाढवला तर शेजारचीला कळतं आणि ती मुद्दाम चढवते. म्हणून आम्ही पक्क्या बायका डोळ्यांनी बोलायचो. डोळा वर उचलला म्हणजे चढवला. खाली टाकला म्हणजे सोडला. ह्यांची नजर सगळ्यांवरून फिरायची आणि बरोबर टिपायची. झटक्यानंतर पहिल्यांदा मी हॉस्पिटलात विचारलं, "तान लागली काय?" तर डोळा वर गेला. तिथेच मी भिंतीला टेकून रडले, कारण माणूस अजून आत होता.

आणखी एक खूण होती, ती लिलाववाल्याची स्वतःची. पाटी सुटायच्या बेताला आली की हे एका बाईकडे सरळ बघायचे, डोळा वर उचलायचे, परत तिच्याकडेच बघायचे आणि थांबायचे. म्हणजे, घेतंस काय? मग तिने डोळा उचलून पाटीवर हात ठेवला की माल तिचा. खाली बघितलं की पाटी दुसरीकडे. त्यावर कुणी कुणाला रागवायचं नाही, हा बंदराचा कायदा.

आता लिलावाच्या शेवटी एखादी पाटी उरतेच. ऊन वर आलेलं, बर्फ वितळलेला, पेडव्यांची पोटं फुटायला लागलेली. ती घ्यायला कुणी तयार नसतं. तेव्हा हे माझ्याकडे बघायचे. मी नवीन होते, आईची जागा चालवत होते, आणि का कोण जाणे, हात ठेवायचे पाटीवर. बायका फिदीफिदी हसायच्या, "सुगंधा उरलेलो माल घेता!" पुढे लग्न झाल्यावर मीच ह्यांना चिडवायचे, की उरलेला माल घ्यायची सवय, म्हणून तुम्ही पदरात पडलात. हे हसून हसून खोकायचे.

तर असे ते डोळे. आणि जुना चष्मा असा जाड, की घरात दिवा लावला की दोन काचांत दोन ट्यूबलाईट उभ्या. आत डोळा वर गेला की खाली, ते बघायला मला वाकून, मान वाकडी करून, कधी हाताने उजेड अडवून बघावं लागायचं. कंबर गेली माझी त्याने. त्यात तडा गेलेला. आणि नाताळात ओमकार यायचा होता.

ओमकार आमचा एकुलता एक. पुण्याला नोकरी करतो, सून अक्षयाही करते. पोरगं वाईट नाही. रोज फोन करतं. पण गणपतीत आला तेव्हा मी ह्यांना उचलताना एकदा कळवळले, ते त्याने बघितलं आणि तेव्हापासून एकच धोशा. पुण्यात म्हणे अशा माणसांना सांभाळायचं केंद्र आहे. नर्स असते, व्यायाम करून घेतात, जेवण भरवतात.

"बाबा तिथे राहतील, तू आमच्याकडे राहा. रोज भेटायला जाता येईल," तो म्हणाला. "पण बाबा हो म्हणाले तरच. त्यांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. नाताळात येतो आणि समोर बसून विचारतो."

आणि खोटं कशाला बोलू? ह्यांनी "व्हय" म्हणावं असं मला वाटत होतं. देवाशपथ वाटत होतं. मी स्वतः "न्हेया तेंका" असं जन्मात म्हणाले नसते. पण त्यांनीच म्हटलं तर? तर मी रात्रभर झोपले असते. सकाळी उठून माझा चहा मी बसून प्याले असते. कुणाच्या तोंडावरची लाळ पुसायच्या आधी स्वतःचं तोंड धुतलं असतं. एवढंच हवं होतं मला, आणि एवढ्याचीच मला लाज वाटत होती. ह्यांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या आवाजातून त्यांना कळलं असतं, आमच्यात लपत नाही काही.

चष्मा आला. सत्यवतीचा मुलगा बाजारातून येताना घेऊन आला. मी तो ह्यांच्या नाकावर चढवला आणि दिवा लावला, तर काय सांगू! काचेत ट्यूबलाईट नाहीच. काच आहे की नाही तेच कळेना. आत ह्यांचे डोळे, घारे, एका बुबुळाच्या कडेला तो जुना ठिपका. कितीतरी महिन्यांनी मी उभ्या उभ्या, कंबर न मोडता, नवऱ्याच्या डोळ्यांत बघत होते.

"दिसता काय बरा?"

डोळा वर. लख्ख दिसला.

मनात म्हटलं, पोरी, तुझं भलं होवो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना नेहमीसारखं खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उन्हाला नेलं. तिथून बंदरावरचे आवाज येतात म्हणून त्यांना तिथे बरं वाटतं. मी झाडू घेऊन मागे गेले, परत आले, तर चष्मा काळा! अगदी काळा ठिक्कर. कुंपणाच्या गडग्यावरून सत्यवती ओरडली, "काय लवूशेट, सिनेमात जातास काय?"

"तान लागली?" मी विचारलं. काय उत्तर आलं असेल ते त्या काचेलाच ठाऊक. मला काळ्या काचेत माझंच तोंड दिसलं, झाडूसकट.

फोन लावला दुकानात. म्हटलं, "गो चेडवा, ह्यां काळा काय दिलंस तां? माका समोरच्याचे डोळे दिसतत ता एकच व्हया होता."

"काकू, मी एकेक विचारलं होतं. तुम्हीच प्रत्येकाला हो म्हणालात."

"मी 'व्हय' म्हटलंय! 'हो' खंय म्हटलंय?"

तिला बिचारीला काय कळणार? घाटावरचं 'हो' म्हणजे घेते, आणि आमचं 'व्हय' म्हणजे ऐकते. लिलावात इतकी वर्षं मी कधी उगाच डोळा उचलला नाही, आणि ह्या पोरीपुढे पाचही पाट्या अंगावर घेऊन आले. ती चांगली पोरगी, बदलून देते म्हणाली. पण काच परत बाहेरून यायची, म्हणजे नवं वर्ष उजाडणार. ओमकार त्याच्या आधीच येणार.

मी ठरवलं, काही हरकत नाही. ओमकारला पडवीत बसूनच विचारायला सांगायचं. सांगायचं ठरवलं होतं, पण सांगायचं राहून गेलं. दमल्या माणसाची डोक्यातली कामं डोक्यातच राहतात.

ओमकार एकटाच आला, अक्षयाला सुट्टी नव्हती. बापाच्या गळ्यात पडला, स्वतःच्या हाताने त्यांना पेज भरवली, दाढी केली. पोटच्या पोराबद्दल वाईट बोलायला मला जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत घावणे काढत होते, तेव्हा त्याने खुर्ची ढकलत खळ्यात नेल्याचा आवाज आला. मला वाटलं, बसूदेत बापलेक. घावणे झाले, चहा गाळला, कप घेऊन बाहेर गेले, तर हा फोन खिशात टाकत उठला.

"आई, मी विचारलं बाबांना. केंद्राचे फोटो दाखवले, सगळं समजावलं. तयार आहेत ते."

"कसा कळला तुका?"

"दोनदा विचारलं. एकदाही नाही म्हणाले नाहीत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. कोवळं का असेना, ऊन ते ऊनच. काचा काळ्याभोर. त्यात ओमकार दिसत होता आणि त्याच्या मागे माड.

त्या वेळी मी गप्प राहिले असते तर सगळं झालं असतं. चकार शब्द काढायची गरज नव्हती. पोराने विचारलं होतं, बापाने नकार दिला नव्हता, मी तर घावणे काढत होते. माझ्यावर कसलाच आळ नव्हता. चहाची वाफ तोंडावर येत होती आणि मी उभी होते, आणि मला आठवतंय, मनात मी पुण्याच्या घरातल्या पलंगावर आडवीसुद्धा झाले होते.

पण काय करू? जन्म लिलावात गेला. बोली न बघता सुटलेली पाटी मी कधी कुणाची चालवून घेतली नाही.

"ओम्या, तेंचे डोळे दिसले तुका?"

तो चरकला. "चष्मा काळा झालाय ना... पण आई, नाही म्हणायचं असतं तर..."

"तर काय, बोंब मारल्यानी असती? खुर्ची आत घे."

"मग चष्मा काढूया ना."

"काढलो तर तुझा तोंड तेंका दिसतला काय? आणि ह्या उन्हात डोळे मिटतले तां वेगळाच. आत घे म्हणतंय ना!"

खुर्ची पडवीत आली. मी चहा खाली ठेवला आणि ह्यांच्यासमोर उकिडवी बसले. ओमकार बाजूला, भिंतीला टेकून. काळी पडायला त्या काचेला वेळ लागत नाही, पण उजळायला लागतो. आम्ही बसून राहिलो. काळ्याची करडी झाली. आत काहीतरी हललं, पण वर की खाली ते कळेना. ओमकारने एकदा घसा खाकरला. बंदरावरून पर्यटकांच्या बोटीचा भोंगा ऐकू आला. मी मनात एकच म्हणत होते, व्हय म्हणा. एकदा व्हय म्हणा आणि मला सोडवा. आणि त्याच तोंडाने म्हणत होते, नको, नको.

काच धुरकट झाली, मग पिवळसर, आणि मग एकदम डोळे दिसले.

ते ओमकारकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. काळ्या काचेमागून कधीपासून बघत असतील कुणास ठाऊक.

"बाबा, येणार ना पुण्याला?" ओमकारने परत विचारलं.

डोळा वर गेला.

"बघ! बघ आई! हो म्हणाले!"

पण डोळा वर जाऊन छपराकडे राहिला नाही. खाली आला, परत माझ्याच तोंडावर आला, आणि थांबला. हलेना.

ते "व्हय" नव्हतं. पोराला काय कळणार, तो कधी लिलावाला उभा राहिला नाही. वाळू, वर आलेलं ऊन, भोवतीच्या बायका उठून चाललेल्या, आणि हे मध्ये उभे राहून माझ्याकडे बघतायत. तेच बघणं. घेतंस काय?

पहिला आला तो राग. असा राग आला की कप उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. सगळं माझ्यावर टाकलंत? स्वतः व्हय म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि मला विचारायचं! मी काय लोखंडाची आहे? माझी कंबर, माझे हात, माझी झोप, ह्या सगळ्याचा भाव कोण करणार?

मग कळलं, की भावच करत होते ते. मी सोडू शकते असं सांगत होते. खाली बघ, आणि पाटी दुसरीकडे जाऊदे, मी रागावणार नाही. बंदराचा कायदाच आहे तो.

आणि माझे डोळे खाली जात होते. खरंच सांगते, जात होते. दमल्या माणसाचे डोळे आपोआपच खाली जातात, त्याला कुणी काही करू शकत नाही. मला ह्यांचे गुडघे दिसले, त्यावर मी सकाळी घातलेली चादर, तिची सुटलेली शिवण. तिथे क्षणभर माझी नजर टेकली. वरती ते थांबून होते. पुकारा करत नव्हते, घाई करत नव्हते. ह्यांनी कधीच कुणाला घाई केली नाही.

मी डोळा उचलला. जितका वर जाईल तितका उचलला, आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

ह्यांनी डोळे मिटले. किती वेळ रोखून धरले होते देव जाणे.

"मग ठरलं ना आई?" ओमकार म्हणाला. "केंद्रात फोन करू?"

"व्हय," मी म्हटलं, आणि जीभ चावली. हा पण पुण्याला राहून राहून घाटावरचा झालाय. "अरे, व्हय म्हणजे हो न्हय! आयकतंय म्हणान व्हय म्हटलंय. बापूस खंय जावचो नाय."

"अगं पण आई..."

"पण फुकट नाय. माझो भाव आयक. सकाळ-संध्याकाळ तेंका उचलूक बाई व्हयी, तिच्या पैशांचा काय तां तू बघतलंस. आणि शिमग्याक तू हंय येवन ऱ्हवतलंस, मी देवगडाक भयणीकडे जातलंय. देवदर्शनाक न्हय, झोपूक. कोणी माका उठवल्यान तर थोबाडीत देतलंय म्हणान सांगून ठेव मावशेक."

पोराने मान डोलावली. त्याचे डोळे भरले होते, त्याने मनगटाने पुसले. आपल्याला हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आई. बाबा हो म्हणाले."

"तेंनी काय एक म्हटल्यानी नाय. तेंनी इचारल्यानी."

"काय विचारलं?"

मी उठले. गुडघे कटकन वाजले. पडवीत ऊन तिरकं यायला लागलं होतं आणि ह्यांच्या काचांच्या कडा परत काळपट व्हायला लागल्या होत्या.

"उरलेली पाटी घेतंस काय, म्हणान," मी म्हटलं.

मी खुर्ची वळवली आणि आत ढकलायला लागले. हात भरून आले होते, चहा तर पार गार होऊन गेला होता. पण घेतलेली पाटी उन्हात ठेवून चालत नाही, खराब होते.